आकृती ठेवायची कोणत्या फॉरमॅटमध्ये?

मी पेमेंट सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिते. टीममध्ये नवीन आलेल्याला आकृती काढण्याआधी माझा एकच प्रश्न असतो: पुढच्या वेळी ही कोण बदलणार?

डेव्हलपर बदलणार असेल, तर आकृती मजकुरातूनच तयार व्हायला हवी. आमचा रिफंडचा सिक्वेन्स डायग्राम (पायऱ्या क्रमाने दाखवणारी आकृती) मर्मेडमध्ये, म्हणजे लिहिलेल्या ओळींवरून आकृती काढणाऱ्या साधनात, लिहिलेला आहे. एपीआयमध्ये (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या व्यवस्थेत) पायरी वाढली की डेव्हलपर त्याच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे तपासायला पाठवलेल्या कोडच्या बदलात, आकृतीचीही ओळ वाढवतो, आणि काय बदललं ते रिव्ह्यू करणाऱ्याला डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या तुलनेत) दिसतं. कोड ठेवायची साइट गिटहब २०२२ पासून मार्कडाउनमधलं (साध्या खुणांनी सजवलेल्या मजकुरातलं) मर्मेड थेट दाखवतं, वेगळं एक्स्पोर्ट लागत नाही.

पण कुठला चौकोन कुठे बसेल हे मर्मेड ठरवतं. सर्व्हरची मोठी मांडणी दाखवायची झाली की बाण एकमेकांत गुंततात. तिथे चौकोन हाताने मांडता येणारं ड्रॉ डॉट आयओ घ्या आणि एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषा आणि अक्षरं साठवणारा चित्राचा फॉरमॅट) एक्स्पोर्ट करताना आकृतीची प्रत आत ठेवण्याचा पर्याय निवडा. मग तीच फाइल पुन्हा उघडून बदलता येते, मूळ फाइल शोधत बसावं लागत नाही.

एसव्हीजीत एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. ड्रॉ डॉट आयओ बरीचशी लेबलं एसव्हीजीच्या आत एचटीएमएल म्हणून ठेवतं. ब्राउझरमध्ये सगळं छान दिसतं, पण इंकस्केपमध्ये (एसव्हीजी बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा पीडीएफ बनवताना तीच अक्षरं गायब होऊ शकतात. त्या लेबलांचं ‘वर्ड रॅप’ आणि ‘फॉर्मॅटेड टेक्स्ट’ बंद करा. मर्मेडच्या फ्लोचार्टमध्येही एचटीएमएल लेबलं बंद करता येतात.

लेबलं मराठीत असतील तर आणखी जपा. एसव्हीजीत बहुधा फॉन्टचं फक्त नाव असतं. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला की दुसरा लागतो आणि जोडाक्षरं चौकोनाबाहेर जातात. पान इमेज टॅगने एसव्हीजी दाखवत असेल, तर बाहेरचा वेबफॉन्टही लोड होत नाही. म्हणून मी चौकोन ऐसपैस ठेवते. छपाईसाठी वेगळी प्रत काढून तिच्यातली अक्षरं इंकस्केपमध्ये पाथ, म्हणजे नुसत्या रेषांचे आकार, करून घेते. मूळ प्रतीत ती अक्षरंच राहू द्या, नाहीतर शोधताना सापडणार नाहीत.

स्क्रीनशॉट पीएनजीतच. वर्डच्या फाइलसाठी आकृतीही पीएनजीत द्यायला हरकत नाही, फक्त दुप्पट आकारात काढा आणि मूळ फाइल त्याच नावाने शेजारी ठेवा. आकृतीसाठी जेपेग अजिबात नको: ते चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडून तपशील गाळतं, त्यामुळे बारीक अक्षरांभोवती डाग उमटतात.