फॉरेन्सिकला येताय? आधी लाखेचं सील वाचायला शिका

मराठवाड्यातून या क्षेत्रात शिरणाऱ्यांचा पहिला थांबा बहुधा छत्रपती संभाजीनगर. शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था तिथे आहे, प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळाही तिथेच. दुसरी प्रादेशिक प्रयोगशाळा नांदेडला. पोलीस ठाण्यात एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. "सीएला पाठवलंय", "सीए रिपोर्ट आला का?" एवढंच कानावर पडतं. सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर. नवख्याला पहिले काही दिवस चार्टर्ड अकाउंटंटच आठवतो.

जप्त केलेला गांजा, विषबाधेचा व्हिसेरा (मृताच्या शरीरातून काढलेले अवयव) आणि खेळाडूची लघवी या तिन्ही गोष्टी शेवटी जीसी-एमएस नाहीतर एलसी-एमएस या पदार्थ वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रांवरच जातात. यंत्र चालवणं सहा महिन्यांत जमतं. समोरचा कायदा आपल्याला नेमकं काय विचारतोय, ते कळायला जास्त वेळ लागतो.

गांजापासूनच सुरुवात करा, कारण शिकण्यासारखं सगळं त्यात आहे. पार्सल टेबलावर आलं की लगेच कात्री घ्यायची नाही. सोबतच्या पत्रावर सीलचा नमुना उमटवलेला असतो. तो आणि पार्सलवरची लाख भिंगाखाली शेजारी धरून अक्षरन् अक्षर जुळवायचं, ठसे मोजायचे, एखादा तडकलेला असेल तर तसं नोंदवायचं. मग सीलबंद वजन, आणि फोडल्यावर आतल्या मालाचं वजन. एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे गांजा, चरस आणि अफूचा नमुना २४ ग्रॅमचा, बाकी बहुतेक पदार्थांचा ५ ग्रॅमचा. प्रत्येक नमुना दोन प्रतींत, आणि कलम ५२अ नुसार मॅजिस्ट्रेटसमोर काढलेला. आता २४ ग्रॅमचं पाकीट तुमच्या तराजूवर २१ भरलं तर? बहुतेक वेळा माल ओला असताना नमुना काढलेला असतो आणि वाटेत तो सुकतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला गांजा उलट बुरशी धरून काळा पडतो. दोन्ही वेळा जे दिसलं ते त्याच दिवशी वर्कशीटवर उतरवा: ओलसर, सुका, बुरशीचा वास, रंग. चार वर्षांनी उलटतपासणीत या फरकाचं उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

मग सूक्ष्मदर्शक. गांजाच्या पानावर अस्वलाच्या नखासारखे वाकडे केस दिसतात. त्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. पुढची ड्युकनॉय-लेव्हिन चाचणी: व्हॅनिलीन-अ‍ॅसिटाल्डिहाइडचं द्रावण, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि शेवटी क्लोरोफॉर्म. जांभळा रंग आला म्हणून नवखे इथेच थांबतात. इतर काही वनस्पतींचे अर्कही आम्लात जांभळट होतात. रंग खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतो का, हे बघायचं असतं. टीएलसीच्या प्लेटवर (पातळ थरावर घटक वेगळे होतात ती) फास्ट ब्लू बी हे रंगद्रव्य फवारलं की गांजातला नशेचा घटक टीएचसी लाल, त्याच्यासोबतचे सीबीडी नारिंगी आणि सीबीएन जांभळा ठिपका देतं. जुन्या मालात टीएचसीचं सीबीएन होत जातं, त्यामुळे लाल ठिपका फिका दिसला तर घाबरू नका. जीसी-एमएस रेणूचे तुकडे, म्हणजे आयन, वजनाने ओळखतं; तिथे टीएचसीचा मूळ आयन ३१४, सोबत २९९ आणि २३१.

कायद्याचा प्रश्न इथून पुढे आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, आणि तिथे जामीन अवघड. तुरीत लपवून लावलेली झाडं मुळासकट, मातीसकट काट्यावर टाकली की वजनाचा वाद ठरलेलाच. म्हणून अहवालात नुसतं "गांजा आढळला" लिहून भागत नाही. शेंडे होते का, पानं, देठ, बिया सोबत होत्या का, हे लिहा.

एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं, गणित वेगळं. ऑक्टोबर २०२३ मध्ये डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालय) छत्रपती संभाजीनगरात मेफेड्रोन, केटामाइन आणि कोकेन पकडलं, तेव्हापासून ही पावडर इथल्या माणसाला बातम्यांमधून ओळखीची झाली आहे. यंत्रावर ती फसवी आहे. मेफेड्रोनचा सर्वांत मोठा आयन ५८, मेथअ‍ॅम्फेटामाइनचाही ५८. शिवाय मेथिल गट ज्या जागी बसायला हवा त्याऐवजी शेजारच्या जागी बसला तर स्पेक्ट्रम, म्हणजे आयनांचा आलेख, जवळपास तसाच दिसतो. नुसत्या लायब्ररी मॅचवर (यंत्रात साठवलेल्या स्पेक्ट्रमशी जुळणीवर) सही करू नका. प्रमाणित स्टँडर्डचा रिटेन्शन टाइम (यंत्रातून बाहेर यायला लागणारा वेळ) जुळवा, एफटीआयआर ही अवरक्त किरणांची चाचणी घ्या. भेसळीचं वजन धरायचं का, हा वाद २००८ च्या मायकेल राज निकालापासून चालू होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हिरा सिंग निकालात तो मिटवला: भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं.

आपल्याकडच्या टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे विषतपासणीच्या, विभागात मोठा भाग कीटकनाशकांचा. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस ही नावं लवकरच पाठ होतात. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात यायला हवा, आणि त्याच द्रावणाची वेगळी कोरी बाटलीही सोबत हवी. चुकून फॉर्मॅलिनमध्ये आला तर बऱ्याच विषांचा शोध तिथेच खुंटतो. दारूच्या केसमधला रक्ताचा नमुना सोडियम फ्लोराइडशिवाय आला आणि मे महिन्यात परभणीहून बसने दिवसभर उन्हात प्रवास करून पोहोचला, तर जंतू बाटलीतच अल्कोहोल तयार करू शकतात. वाहनचालकासाठी मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमची, त्यामुळे थोडीशी वाढही एखाद्याला आरोपी करू शकते. रक्त काढताना स्पिरिटचा बोळा वापरला का, हेही विचारायची सवय ठेवा.

खेळातली उत्तेजकांची तपासणी बाहेरून सारखी वाटते, पण तिथे पदार्थ शरीरात कसा गेला याने दोष टळत नाही. शिक्षा कमी-जास्त होते एवढंच. भारतात नमुने नाडा (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) घेते, दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेत ते तपासले जातात. या प्रयोगशाळेची वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) मान्यता ऑगस्ट २०१९ मध्ये निलंबित झाली होती, डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. लघवी किमान ९० मिलीलीटर लागते: आधी ३० बी बाटलीत, मग ६० ए बाटलीत, आणि भांड्यात थोडी उरवायची, विशिष्ट गुरुत्व मोजायला. ते साधारणपणे किमान १.००५ हवं. सामना संपल्यावर खेळाडू घाईने दोन लिटर पाणी पितो, नमुना पातळ निघतो आणि बिचारा आणखी दोन तास तिथेच बसतो.

जालना-बीडकडच्या कुस्ती किंवा कबड्डीच्या पोरांना सल्ला देणार असाल तर खोकल्याचं औषध पहिलं लक्षात ठेवा. मेडिकलवर सहज मिळणाऱ्या अनेक सिरपांत टर्ब्युटालिन असतं आणि ते खेळात कायम बंदी असलेलं आहे. कोडीन, ज्याच्या बाटल्यांसाठी पोलीस छापे टाकतात, ते बंदीच्या यादीत नाही! दम्याचं साल्ब्युटामॉल पंपातून २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. तेच सिरपमधून घेतलं तर चालत नाही. यादी दर १ जानेवारीला बदलते, तेव्हा मागच्या वर्षीचा छापील कागद भिंतीवरून काढा.

शिक्षणाचं थोडक्यात. बी.एस्सी. फॉरेन्सिक केलंत तरी विश्लेषणात्मक रसायनशास्त्र कच्चं ठेवू नका. भरतीच्या जाहिरातीत नुसत्या रसायनशास्त्रवाल्यांशीही स्पर्धा असते. जाहिरात वेळेवर निघेलच असं नाही. तोवर वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीत) एचपीएलसी यंत्रावर काढलेलं वर्ष वाया जात नाही. चूक खाडाखोड न करता एका रेघेने कापून सही-तारीख घालायची शिस्त तिथेच अंगी बाणते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, त्यामुळे घटनास्थळाच्या कामाला माणसं लागणार.

अहवाल तुमच्या साक्षीशिवायही पुराव्यात वाचला जातो, पण कोर्ट बोलावू शकतं. जाताना वर्कशीट, क्रोमॅटोग्राम आणि त्या दिवशीचं तराजूच्या कॅलिब्रेशनचं पान सोबत घ्या. पहिला प्रश्न बहुधा वजनावरच येतो.