जिल्ह्यांतील एलजीबीटीक्यू गटांपर्यंत निधी कसा पोहोचवावा : देणगीदार न्यासांसाठी मार्गदर्शन

सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळले, तरी लहान गावांत मारहाण, कोंडून ठेवणे, जबरदस्तीचे लग्न आणि भाड्याच्या खोलीतून हाकलणे थांबलेले नाही. ही हिंसा बहुतेक वेळा घरातच घडते. देणग्या मात्र इंग्रजीत प्रस्ताव लिहू शकणाऱ्या मुंबई-पुण्याच्या संस्थांकडे सहज जातात. महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत काम करू इच्छिणाऱ्या न्यासाला त्यामुळे थोडी वेगळी वाट धरावी लागते.

सर्वप्रथम, आधीचा पैसा कोणाला मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, हे पाहावे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून समलिंगी पुरुष व तृतीयपंथी यांच्यासाठीचे प्रकल्प अनेक वर्षे चालले आणि त्यातून कित्येक शहरांत या गटांना निदान कार्यालय व कार्यकर्ते मिळाले. समलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी पुरुष (जन्मतः स्त्री मानले गेलेले, पण स्वतःला पुरुष मानणारे) त्या कार्यक्रमाच्या ‘जोखमीच्या गटांत’ मोडत नसल्याने तो निधी त्यांच्याकडे फिरकला नाही. समलिंगी स्त्रिया व पारलिंगी व्यक्तींसाठी मुंबईत 1995 पासून काम करणाऱ्या ‘लेबिया’सारख्या गटाला जे जमले, ते लातूर किंवा चंद्रपूरच्या चार मैत्रिणींना पैशाशिवाय जमेल असे गृहीत धरू नये.

त्यानंतर पैशाचा कायदेशीर मार्ग ठरवावा, कारण यातील बरेच गट नोंदणीकृत नसतात. जिल्ह्यातली एखादी विश्वासू नोंदणीकृत संस्था यजमान म्हणून, म्हणजे गटाच्या वतीने पैसे स्वीकारण्यासाठी, निवडता येते. मात्र तिच्याशी लेखी करार करताना ती व्यवस्थापनासाठी किती रक्कम ठेवणार आणि खर्चाचा निर्णय कोण घेणार, हे स्पष्ट लिहावे. निर्णय गटाचाच असावा. निधी परदेशी असेल तर येथे मोठी अडचण येते : परकीय योगदान नियमन कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आहे. म्हणून लहान गटांसाठी देशातली देणगीच अधिक उपयोगी पडते. कंपन्यांच्या सीएसआरबाबत (सामाजिक जबाबदारीच्या निधीबाबत) बोलायचे तर कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत या समुदायांचे नाव नाही, पण सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास गटांमधील विषमता कमी करणे, आरोग्य आणि उपजीविका हे विषय तिथे आहेत. प्रस्ताव त्या चौकटीत मांडता येतो.

खरी कसोटी लागते ती कशासाठी पैसे द्यायचे हे ठरवताना. कार्यशाळांना देणगीदार लगेच तयार होतात. जागेचे भाडे, एका कार्यकर्त्याचा पगार आणि हिशेब लिहिणाऱ्याचे मानधन मात्र ‘अनुत्पादक’ मानले जाते. माझ्या मते निम्म्याहून अधिक रक्कम याच खर्चांवर असावी. त्याशिवाय एक तातडीचा निधी वेगळा ठेवावा, ज्यातून गटातील दोन-तीन जणांच्या संमतीने त्याच दिवशी पैसे काढता येतील. रात्री घर सोडून आलेल्या मुलीला तिकीट, काही दिवसांचा निवारा, वैद्यकीय तपासणी आणि वकील लागतो. समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत ती थांबू शकत नाही. केंद्र सरकारची ‘गरिमा गृहे’ ही निवारागृहे पारलिंगी व्यक्तींसाठी आहेत, पळून आलेल्या समलिंगी जोडप्यांसाठी नव्हेत.

अशा प्रसंगी पालक हरवल्याची किंवा अपहरणाची तक्रार देतात. म्हणून वकिलाची फी आधीच मंजूर असावी आणि वयाच्या पुराव्याची प्रत व स्वेच्छेने घर सोडल्याचा जबाब तयार ठेवण्याची सवय कार्यकर्त्यांना लावावी. व्यक्ती 18 वर्षांखालील असेल तर तिला परस्पर ठेवून न घेता बाल कल्याण समितीकडे जावे. हेबियस कॉर्पस याचिकांबाबत (व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी करणाऱ्या याचिका) सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना वकिलाच्या हाती असाव्यात.

अहवालात नावे, गावे व छायाचित्रे मागू नयेत. लेखापरीक्षकाशी आधीच बोलून पावत्यांवर सांकेतिक क्रमांक लिहिण्याची पद्धत ठरवावी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) देताना कोणाची ओळख उघड होणार नाही. धनादेश वाटपाच्या फोटोचा मोहही (तो अनेकांना आवरत नाही) येथे आवरावाच लागतो.

निवड समितीत समुदायातील माणसे असावीत. पूर्व आफ्रिकेतील अशा गटांना मदत करणारा नैरोबीतील ‘उहाई’ हा निधी अर्जांची निवड समुदायातील सदस्यांच्या समितीकडे सोपवतो. आपल्याकडे हे लहान प्रमाणात सहज करता येईल, फक्त जिल्ह्यांतून येणाऱ्या सदस्यांना प्रवासखर्च व मानधन द्यायला हवे. तृतीयपंथी डेऱ्यांत (गुरू व चेले एकत्र राहतात त्या घरांत) गुरूंशी बोलणे झाल्यावर चेल्यांशीही स्वतंत्रपणे बोलावे. अर्ज मराठीत, शक्यतो फोनवर तोंडी घ्यावा.

करार किमान तीन वर्षांचा करावा. पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वी द्यावा आणि मदत थांबवायची असेल तर निदान वर्षभर आधी कळवावे, म्हणजे यजमान संस्थेला जागेचे भाडे न थकवता दुसरा देणगीदार शोधता येईल.