मार्चच्या गार पाण्यासाठी निम्फची पेटी: बेळगावातून निघण्याआधीची तयारी

आधी तारखा पक्क्या करा. हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. ही बंदी मनापासून पाळायची, पळवाट शोधायची नाही. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडून तीर्थनला किंवा बरोटच्या उहल नदीवर जाणाऱ्यांनी मार्चचा पहिला पंधरवडा धरावा, पण निम्फची, म्हणजे पाणकिड्यांच्या पिल्लांसारख्या बांधलेल्या गळांची, पेटी हिवाळ्याचीच भरावी. तेव्हाही नदीत वरच्या बर्फाचंच पाणी असतं. गळ आणि बीड (गळावर ओवायचे धातूचे मणी) मागवून हातात पडेपर्यंत दिवस जातात, तेव्हा डिसेंबरातच कामाला लागलेलं बरं.

यादीतली पहिली वस्तू थर्मामीटर. दोरी बांधून पाण्यात सोडता येईल असा साधा चालतो. ट्राउटच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच असतं. पाणी ५ अंशांच्या खाली गेलं की त्याचं पचन मंदावतं आणि तो खोल, संथ डोहाच्या तळाशी बसून राहतो. घास तोंडासमोरून गेला तर घेतो, त्यासाठी हातभरसुद्धा हलत नाही. ५ ते १० च्या मध्ये दुपारी तासदोन तास खातो. १० च्या वर गेलं की धावत्या पाण्यात येतो. गळाचा नंबर ठरवायच्या आधी हा आकडा बघायचा. आपल्या मलप्रभा-घटप्रभेत ट्राउट का टिकणार नाही, तेही यातच आलं. पाणी २५ अंशांकडे सरकलं की त्याचा जीव कासावीस होतो, आणि आपला उन्हाळा तर त्याच्या पुढचा.

आता नंबर. नवीन माणसाने एवढं लक्षात ठेवावं की आकडा वाढला की गळ लहान होतो. गार पाण्यात वाहून येणारं खाणं बारीक असतं: न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या आणि मेफ्लाय या पाणकिड्याच्या बेटिस जातीची कोवळी पिल्लं. म्हणून पेटीत निम्म्याहून जास्त माल १६ आणि १८ नंबरचा हवा. २० नंबरचे थोडे, निवळशंख पाण्यासाठी. १४ चे त्याहून थोडे. मग एकदम उडी मारून १० आणि १२ नंबरचे चारसहा काळपट स्टोनफ्लाय (त्या नावाच्या पाणकिड्यासारखे निम्फ) घ्या. स्टोनफ्लायची पिल्लं एक ते तीन वर्षं पाण्यातच वाढतात, त्यामुळे ऐन थंडीतही दगडाखाली चांगली मोठी सापडतात आणि ट्राउटला ती ओळखीची असतात. २२ आणि त्याहून बारीक गळांवर पैसे घालू नका. धरणाखालच्या संथ, काचेसारख्या पाण्यात ते चालतात. तीर्थनसारख्या उसळत्या नदीत तळापर्यंत पोचतच नाहीत.

एक सावधगिरी बाळगा. एका कंपनीचा १६ म्हणजे दुसरीचा १६ असेलच असं नाही. पाकिटावरच्या आकड्यावर न जाता मोजपट्टी लावा. १६ च्या गळाची सरळ दांडी साधारण ८ मिलिमीटर भरते, १८ ची ६ ते ७.

माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं वजनावर. पंधरा प्रकारचे निम्फ बांधायचे आणि सगळे एकाच वजनाचे, अशा पेटीला मी तयारी म्हणणार नाही. दोनतीन प्रकार पुरतात, पण प्रत्येक नंबरात तीन वजनं पाहिजेत. १६ नंबरचं उदाहरण घ्या: एक अडीच मिलिमीटरच्या टंगस्टन बीडचा, एक तेवढ्याच पितळी बीडचा आणि एक बीडशिवाय, नुसत्या तांब्याच्या तारेचा. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड असतं, त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन निम्फ पाण्यात अगदी वेगळ्या खोलीवरून जातात. ओळखायला मानेशी दोऱ्याचा रंग बदला, टंगस्टनला लाल आणि पितळेला काळा. गारठलेल्या बोटांना पेटी उघडल्या उघडल्या नेमका निम्फ सापडला पाहिजे. १८ ला २ मिलिमीटरचं बीड बसतं, त्याहून मोठं लावलं तर गळाचं तोंड झाकलं जातं आणि मासा अडकत नाही.

तार बेळगावच्या उद्यमबागेत मिळते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ३८ गेजची तांब्याची तार मागा, उरलेला तुकडासुद्धा सीझनभर पुरतो. इंग्लंडच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी त्यांचा प्रसिद्ध फेझंट टेल निम्फ बांधताना दोऱ्याऐवजी अशीच तार वापरली होती. अंग बारीक राहतं आणि वजनही येतं. पिसं गावठी कोंबड्याच्या मानेची घ्या. सशाच्या केसांचा निम्फ बांधायचा असेल तर केस पाळीव सशाचे किंवा विकतचे घ्या. रानसशाच्या शिकारीला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे.

जानेवारीत एक रविवार खानापूरजवळ मलप्रभेच्या उथळ पाण्यात घालवा. भीमगड अभयारण्याची हद्द सोडून, खालच्या बाजूला. सोबत पांढरी इनॅमलची ताटली न्या. वाहत्या पाण्यातला मुठीएवढा दगड उचला, उलटा करा आणि ताटलीतल्या पाण्यात बोटाने हलकेच घासा. क्षणभर नुसता गाळ दिसतो. मग एक चपटं, तपकिरी पिल्लू कडेकडेने सरपटायला लागतं, शेपटीला तीन केस आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना श्वासाचे पापुद्रे सारखे थरथरत असतात. त्याच्या शेजारी १६ चा आणि १८ चा गळ ठेवा. शेपटी सोडून नुसतं अंग मोजायचं. बहुतेक पिल्लं तुम्ही मनात धरली होती त्याहून लहान निघतील. जाती हिमाचलात वेगळ्या असतील, पण डोळ्याला माप इथेच बसतं, आणि तिथे पोचल्यावर पहिलं काम हेच करायचं. झालं की दगड होता तसा पाण्यात ठेवा.

त्याच रविवारी जोडणीचा सराव करा. वर जड १४ किंवा १२, त्याच्या गळाच्या वळणाला ४०-५० सेंटिमीटर टिपेट, म्हणजे दोरीच्या टोकाचा बारीक धागा, खाली १८. टिपेट फ्लुरोकार्बनचा घ्या, तो बुडतो. गळाच्या नंबराला तीनने भागलं की टिपेटच्या जाडीचा नंबर, म्हणजे एक्स, साधारण कळतो: १८ ला ६ एक्स, १४-१६ ला ५ एक्स, १२ ला ४ एक्स. वर, मासा लागल्याची खूण दिसायला, लोकरीचा छोटा भडक गोंडा, खोलीच्या दीडपट अंतरावर. गार पाण्यात ट्राउट ओढत नाही, गोंडा नुसता किंचित अडखळतो. मलप्रभेतले खवल्या मासेही असंच अलगद तोंड लावतात, त्यामुळे हाताला चांगली सवय होते. दहाबारा वेळा टाकूनही निम्फ एकदासुद्धा तळाला टेकला नाही, तर नंबर बदलू नका, आधी वजन वाढवा. तळ लागतोय आणि तरी मासा नाही, तर मग एक नंबर लहान करा.

वेळ सकाळी ११ ते दुपारी ३ ची धरा. कडक ऊन पडलं तर दुपारनंतर बर्फ वितळून पाणी गढूळ आणि आणखी गार होऊ शकतं. त्या दिवसासाठीच ते १० आणि १२ चे काळे स्टोनफ्लाय ठेवले आहेत, वरचं बारीक काम बंद करून ते काठालगत टाका.

बाकीचं भराभर. गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट निजामुद्दीनला जाते, पुढे मनालीच्या बसने औटला उतरून बंजारमार्गे तीर्थन. परवाना मत्स्य विभागाचा, गळ टाकण्याआधी खिशात हवा. लोकरी मोज्यांचे दोन जोड आणि टोकदार काठी घ्या, कारण दगड निसरडे आहेत. विमानाने जात असाल तर गळ आणि चिमटा चेक-इनच्या बॅगेत टाका. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करा आणि टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर दगडावर धार लावा, तरी घसरलं तर तो गळ पेटीतून काढून टाका.