टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर मूडची नोंद कशी ठेवाल

इंजेक्शनची तारीख लिहा आणि रोज रात्री चिडचिड, झोप, कामेच्छा, उदासी यांना 0 ते 10 गुण द्या. एनान्थेट किंवा सिपिओनेट (टेस्टोस्टेरॉन या हार्मोनच्या इंजेक्शनचे दोन प्रकार) घेतल्यावर रक्तातली पातळी पहिल्या काही दिवसांत सर्वात वर जाते, मग उतरते. दोन आठवड्यांनी डोस असेल तर शेवटच्या दिवसांत थकवा, उदासी जाणवू शकते. दर वेळी हाच चढउतार दिसला तर वही डॉक्टरांना दाखवा. निम्मा डोस दर आठवड्याला किंवा रोजचं जेल, असा बदल ते सुचवू शकतात. स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका, रक्त घट्ट होऊ शकतं. रडू कमी येणं अनेकांना जाणवतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घोरणं वाढलं असेल तर चिडचिडीचं मूळ मोडक्या झोपेतही असू शकतं. आत्महत्येचे विचार आले तर मात्र त्याच क्षणी मदत घ्या.