पहिल्या कादंबरीची बातमी हितचिंतकांना कशी कळवावी

पहिली कादंबरी प्रकाशित झाल्यावर लेखक उत्साहाच्या भरात ओळखीच्या सर्वांना एकच लांबलचक संदेश पाठवतो आणि त्यात पुस्तक विकत घ्या, अभिप्राय लिहा, समारंभाला या, पुढे पाठवा, अशा सगळ्या विनंत्या एकदम करतो; त्यामुळे बहुतेक जण केवळ ‘अभिनंदन’ लिहून थांबतात. त्याऐवजी एका संदेशात एकच विनंती असावी, आणि पुस्तकाचे नाव, प्रकाशक, किंमत व मागणी नोंदवण्याचा दुवा पहिल्या दोन-तीन ओळींतच यावा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो, हे लक्षात ठेवावे.

अभिप्रायांबाबत विशेष सावधगिरी हवी, कारण लेखकाच्या कुटुंबीयांनी आणि जवळच्या मित्रांनी लिहिलेली परीक्षणे ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत व ती काढून टाकली जाऊ शकतात. अशा आप्तांकडे वेगळे काम सोपवावे: ते ज्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद असतील, तेथे त्यांनी पुस्तकाची लेखी मागणी करावी. माझ्या मते भेटप्रती वाटण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी अधिक फलदायी आहे, कारण वाचनालयातली एक प्रत अनेक अनोळखी वाचकांच्या हाती जाते. (भेटप्रत मिळालेला स्नेही ती वाचतोच असे नाही.) महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र विभाग असल्याने प्रवेशिकेची मुदत प्रकाशकाला वेळीच विचारून घ्यावी.