गडावर फिल्म कॅमेरा नेताय? या चुका टाळा

जुना कॅमेरा घेताना लोक लेन्सवरचे ओरखडे शोधत बसतात. बारीक ओरखड्याने फोटोचे फारसे बिघडत नाही, बुरशीने बिघडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती बऱ्याचदा लागलेली असते. अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले, तर कितीही स्वस्त मिळत असला तरी परत ठेवा.

त्याहून मोठी चूक बॅटरीची. कॅनन एई-१ देखणा आहे, पण बॅटरी संपली की शटरच चालत नाही, आणि त्याची ६ व्होल्टची बॅटरी हरिश्चंद्रगडावर कोण देणार? पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ घ्या. यांची शटर यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. मीटर गेलाच तर लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि २०० आयएसओच्या (फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) फिल्मला शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवा, काम भागते. के१००० च्या मीटरला बंद करायचे बटणच नाही, तेव्हा लेन्सचे झाकण लावायला विसरू नका.

फिल्म घेण्याआधी लॅबला फोन करा. साधी रंगीत फिल्म सी-४१ पद्धतीने धुतात, ती सोय सहज सापडते. स्लाइड फिल्मला (निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचे चित्र देणारी) ई-६ पद्धत लागते आणि ते करणारे मोजकेच. कृष्णधवल हवे पण लॅब नाही, अशांसाठी इलफर्ड एक्सपी२ बरी, ती सी-४१ मध्येच धुतली जाते. उन्हाला कोडॅक गोल्ड २००, पावसाळी ढगांत किंवा रानात ४००. स्लाइड मात्र नवशिक्याने गडावर नेऊच नये. उन्हातला कातळ आणि सावलीतली दरी एका फ्रेममध्ये तिला झेपत नाहीत.

गडावर मुक्काम करणार असाल, तर आता टेंट. दोन माणसांचा म्हणून विकतात त्यात दोन माणसेच मावतात, सॅक नाही. कॅमेऱ्याची बॅग आत घ्यायची तर तिघांचा घ्या. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन लावल्या, की श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे टपकते, म्हणून वरची जाळी थोडी उघडी हवीच. खाली अंथरलेले प्लास्टिक टेंटबाहेर डोकावू देऊ नका, पावसाचे पाणी त्यावरून थेट तुमच्या पाठीखाली येते. कातळावर खुंट्या शिरत नाहीत, दोऱ्या दगडांना बांधा. रात्री बाहेर गार झालेला कॅमेरा टेंटमध्ये आणण्याआधीच झिपच्या पिशवीत बंद करा. नाहीतर लेन्सवर दव धरते.

रोल कोरा आला तर लगेच लॅबशी भांडू नका. निगेटिव्हच्या कडेला क्रमांक उमटलेत का ते बघा. उमटले असतील तर धुणे ठीक झाले आहे. बहुधा फिल्म स्पूलला (कॅमेऱ्यात ती गुंडाळली जाते ती रीळ) अडकलीच नव्हती. पुढच्या वेळी फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर ओढताना रिवाइंडची नॉब फिरते का याकडे लक्ष ठेवा. फोटोंवर लालसर-नारिंगी पट्टे आले, तर मागच्या झाकणाचा फोम कुजला असण्याची शक्यता जास्त. तो बदलणे स्वस्तातले काम आहे.