शिसं-कॅडमियम मुरलेल्या रानात वाळा कसा लावावा

कारखान्याचं पाणी वर्षानुवर्षं शिरलेल्या रानाबद्दल 'मोहरी पेरा, ती शिसं शोषून घेते' असा सल्ला हमखास मिळतो. पेरण्याआधी हिशेब करा. एका एकरातली वरची १५ सेंमी माती सुमारे ८०० टन भरते. शिसं किलोमागे ३०० मिग्रॅ असेल आणि २०० वर आणायचं असेल, तर ८० किलो शिसं बाहेर निघायला हवं. एकरी २ टन वाळका पाला आला आणि त्यात किलोमागे १०० मिग्रॅ शिसं उतरलं असं हात सैल सोडून धरलं, तरी एका पिकात निघतं ०.२ किलो. म्हणजे ४०० पिकं! त्यात काळ्या, चुनखडीच्या जमिनीत शिसं मातीला घट्ट चिकटलेलं असतं, मुळांच्या हाती फारसं लागत नाही. ते सुटं करायला ईडीटीए नावाचं रसायन टाकतात, पण सुटलेलं शिसं पावसाबरोबर विहिरीकडेही निघतं. त्या फंदात पडू नका.

तेव्हा धातू काढायचा नाही, जागीच अडकवायचा. त्यासाठी वाळा उत्तम. मुळं सरळ खाली २-३ मीटर उतरतात, धातूचा मोठा वाटा मुळांतच राहतो, पानांत थोडाच चढतो. वरची माती धुपत नाही आणि धूळ घरात येत नाही.

आधी माती तपासा. मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्या १२ चाचण्यांत शिसं-कॅडमियम नसतं. नागमोडी चालत एकरी ८-१० खड्डे घ्या. ०-१५ आणि १५-३० सेंमीची माती वेगवेगळी ठेवा. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं नको, प्लास्टिकची बादली घ्या. ढेकळं फोडून ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. प्रयोगशाळेला 'एकूण शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल' असं लिहून द्या. दूषित पाणी कधीच न पोचलेल्या, त्याच जातीच्या मातीचा एक नमुनाही जोडा. आपल्या बेसॉल्टच्या मातीत क्रोमियम आणि निकेल मुळातच जास्त असतं. तुलनेला काही नसेल तर अहवाल पाहून उगाच धाबं दणाणतं.

रोपं घेताना बी न धरणारी, ठोंबांपासून वाढवलेली जात मागा. नाहीतर वाळा शेजाऱ्याच्या बांधावर उगवेल. ठोंब फोडून २-३ फुटव्यांचे तुकडे करा, शेंडा २० सेंमीवर आणि मुळं ८-१० सेंमीवर छाटा. बुडखे ३-४ दिवस पाण्यात ठेवा. पांढऱ्या मुळांचे कोंब दिसले की लावा. पहिला चांगला पाऊस झाल्यावर, उताराला आडव्या ओळी, रोपांत १५ सेंमी अंतर. १०० मीटर ओळीला साधारण ६७० रोपं लागतात. नांग्या भरायला शंभरेक जास्त ठेवा. सर्वांत खालची ओळ दुहेरी करा, कारण वाहून आलेला गाळ तिथेच अडतो.

रोपं बसली नाहीत तर आधी वर पाहा: सावली असेल. वाळ्याला सावली अजिबात सोसत नाही. दुसरं कारण तण. पहिले तीन महिने खुरपणी चुकवू नका. त्यानंतर वर्षातून २-३ वेळा ४० सेंमीवर कापणी.

प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) पाण्यातलं सहासंयुजी क्रोमियम, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, असेल तर गणित उलटं. शिसं अल्कधर्मी मातीत अडकतं, हे मात्र तिथेच जास्त सरकतं. लावणीआधी एकरी ५ टन चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. सेंद्रिय पदार्थामुळे ते त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी, होऊन मातीत बसतं. कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीत कॅडमियम मोकळं फिरतं, तिथे पीएच पाहून चुना द्या.

सांडपाण्याच्या डबक्यात वाळा तराफ्यावर लावता येतो. ७५ मिमी पीव्हीसी पाइपची १×२ मीटर चौकट, सांधे सोल्युशनने बंद, वर जाळी, काथ्यात १२ रोपं. अशी चौकट वीसेक किलो पेलते, म्हणून पाला वाढू देऊ नका. रोपं थेट सांडपाण्यात सोडली तर करपतात. पहिले दोन आठवडे निम्मं साधं पाणी मिसळा. मुळं काळी पडून सडक्या अंड्याचा वास आला तर पाण्यातला प्राणवायू संपलाय, हवा सोडा. जलपर्णी आणू नका. ती धातू घेते, पण तिथेच कुजून सगळं पाण्याला परत देते.

कापलेला पाला तपासल्याशिवाय गुरांना घालू नका, खतात टाकू नका, चुलीत तर नाहीच. धातू राखेत आणि धुरात उतरतात. चाचणीत धोकादायक ठरला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवा. आणि ठोंब उपटावाच लागला तर त्याची मुळं कुणाला देऊ नका. वास चांगल्या वाळ्यासारखाच येतो, त्यामुळे ती उन्हाळ्यात कुणाच्या तरी माठात जाऊन पडतील.